रिकाम्या गाडीचं वजन

(पडद्यावर: जिनिंगचं फाटक, उजाडायच्या आधीची वेळ. एक रिकामी गाडी वजनकाट्यावर चढते आहे.)

जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, आवारात शिरा, फाटकाला लागूनच वजनकाटा दिसेल. गाडी त्यावर दोनदा चढते. आधी रिकामी, मग गाठी भरून. दुसऱ्या वजनातून पहिलं वजा केलं की मालाचं वजन निघतं. हे इतकं अंगवळणी पडलंय की काट्यावरच्या पोराखेरीज तिकडे कुणी बघतही नाही.

२०२२ साली एक गाडी अशीच एका काट्यावर चढली. रिकाम्या गाडीचं वजन झालं, ९ हजार १४० किलो. यंत्रातून पावती निघाली, ड्रायव्हरने ती खिशात घातली आणि चहा प्यायला गेला. अर्ध्या तासाने आतून निरोप आला, आज माल भरायचा नाही. उद्याही तोच निरोप. गाडी दुसऱ्यांदा काट्यावर चढलीच नाही.

पुढे कोर्टात एक दावा उभा राहिला तो या पावतीच्या आधाराने. तो ज्यांनी चालवला, त्या वकिलांची ही फिल्म.

त्यांचं नाव सांगणार नाही, ऑफिसची पाटीही दिसणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६ वा नियम आहे: वकिलाने आपली जाहिरात करायची नाही, उघड नाही आणि आडूनही नाही. "तुमची फिल्म बघून एक जरी पक्षकार आला तर माझी पंचाईत," पहिल्याच भेटीत ते म्हणाले. पक्षकारांचीही नावं त्यांनी घेतली नाहीत. 'तो कापूसवाला', 'सावद्याचे केळीवाले', 'पाइपवाले'. चार दिवस कॅमेरा लावून बसलो, पण एकाचंही आडनाव आम्हाला कळलं नाही. तेव्हा बाजार त्यांना जे म्हणतो तेच आम्हीही म्हणू. वकीलसाहेब.

(पडद्यावर: कपाटात लाल कापडात बांधलेली दप्तरं. भिंतीवर कालनिर्णय, तारखांना लाल गोल.)

वडील जिनिंगमध्ये मुनीम होते. रोजकीर्द आणि खतावणी या हिशेबाच्या वह्या वकीलसाहेबांना शाळेत असतानाच वाचता यायला लागली. १९९१ मध्ये सनद घेतली. चेक न वटणं हा गुन्हा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कलम १३८ लागू झालं १ एप्रिल १९८९ पासून. नव्या वकिलाला मोठे दावे कोण देणार? चेकच्या केसेस मिळाल्या, त्यावर घर चाललं. बँकेतून चेक परत आल्याचं कळल्यापासून नोटीस द्यायला त्या काळी १५ दिवस मिळायचे. आता ३० मिळतात. नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. उशीर माफ करायची सोयही तेव्हा नव्हती. "वकिली मी नंतर शिकलो," ते म्हणतात, "आधी दिवस मोजायला शिकलो."

दिवस मोजायची ती सवय अजून आहे. उधारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. ती संपायच्या आत देणेकऱ्याने बाकी मान्य करून सही दिली, तर मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तीन वर्षं पुन्हा नव्याने सुरू होतात. दिवाळीत वहीपूजन झालं की वकीलसाहेब आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला एकच सांगतात: ज्यांच्याकडे येणं आहे त्यांच्याकडून बाकीच्या कागदावर सही घ्या. हो म्हणतात सगळे. घेत कुणी नाही. बाजारात सही मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणण्यासारखं. मग चौथ्या दिवाळीला तोच माणूस या खुर्चीवर येऊन बसतो.

आमच्यासमोरच एक जण आला. अमळनेरकडचा, साठीचा, हातात जुनी पिशवी. "वकीलसाहेब, तो देस म्हणस, पन देत नही." वकीलसाहेबांनी आधी रक्कम विचारली नाही. शेवटचा पैसा कधी आला, तेवढंच विचारलं. तारीख ऐकली, कालनिर्णयकडे पाहिलं, बोटांवर हिशेब केला. अकरा दिवस उरले होते. ज्युनिअर मॅडमनी कीबोर्ड ओढला. 'देस म्हणस' याचं दावा-अर्जात 'प्रतिवादीने वेळोवेळी आश्वासने देऊनही' असं होतं, आणि पुढे वरच्या कोर्टात गेलं तर इंग्रजी. अहिराणीत निघालेली तक्रार तिथे पोचेपर्यंत तिचा सगळा राग गळून गेलेला असतो. मला त्याचं वाईट वाटलं. वकीलसाहेबांना अजिबात नाही.

(पडद्यावर: सरकी आणि रुईचे ढीग. गाठी बांधणारा प्रेस.)

आता कापूसवाला.

त्या हंगामात भाव असे चढले की जुन्या व्यापाऱ्यांनीही कधी पाहिले नव्हते. मे २०२२ मध्ये रुईची खंडी लाखाच्या वर गेली. खंडी म्हणजे ३५६ किलो. आपल्या कापूसवाल्याने त्याआधीच एका जिनिंगकडून १०० गाठींचा सौदा केला होता, खंडीला ७८ हजारांनी. गाठ १७० किलोची. म्हणजे १७ हजार किलो, पावणेअठ्ठेचाळीस खंडी. तोच माल त्याने पुढे दक्षिणेतल्या एका सूतगिरणीला देऊन टाकला होता, अर्थात तोंडी. माल उचलायची वेळ आली तोवर भाव २० हजारांनी वर. जिनिंगवाल्याने फोन उचलणं बंद केलं. कापूसवाल्याने शब्द राखायला दुसरीकडून वाढीव भावाने माल घेतला आणि साडेनऊ लाखांना बुडाला.

सौदा झाला होता फोनवर, दलालामार्फत. करार नाही, सौदाचिठ्ठी नाही. दलालाने साक्षीला यायला नकार दिला. त्याला उद्या दोघांशीही धंदा करायचा होता. समन्स काढून आणता आलं असतं. वकीलसाहेबांनी काढलं नाही. ओढून आणलेला दलाल कोर्टात 'आठवत नाही' म्हणतो, आणि ते 'आठवत नाही' आपल्याच अंगावर येतं, हा त्यांचा अनुभव.

व्हॉट्सॲपवर 'गाडी पाठवा' असा एक मेसेज होता. त्यावर भाव नव्हता, वजन नव्हतं. शिवाय मोबाइलमधला मजकूर पुराव्यात दाखल करायचा तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र लागायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो प्रश्न निकाली काढला, आणि ते प्रकरणही आपल्या शेजारचंच, जालन्याच्या निवडणुकीचं. १ जुलै २०२४ पासून नवा पुरावा कायदा आला, त्यात तर प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते. वहीतली नोंद? ती चालते, पण नुसत्या वहीवरून कुणावर देणं लादता येत नाही, हे जुन्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये होतं आणि नव्यातही आहे. मुनिमाच्या मुलाला हे सांगताना थोडं जड जात असावं, असं मला वाटलं.

मग ड्रायव्हर सापडला. दोन दिवस गाडी उभी राहिली म्हणून त्याला हॉल्टिंगचे पैसे हवे होते, म्हणून पावती त्याने जपून ट्रान्सपोर्टवाल्याला दिली होती. ट्रान्सपोर्टवाल्याने ती बिलाला टाचली होती. न्यायासाठी कुणी काही जपून ठेवलं नव्हतं. ती टिकली ती हजार-पंधराशे रुपयांच्या हॉल्टिंगपायी.

(पडद्यावर: कोर्टाचा व्हरांडा. पुकारा होतो आहे.)

उलटतपास आम्हाला चित्रित करता आला नाही, करताही येत नाही. पण त्याची प्रत आम्ही वाचली. जिनिंगवाल्याचं म्हणणं एकच, सौदाच झाला नव्हता. वकीलसाहेबांनी सौद्याचा शब्दही काढला नाही.

काटा तुमच्याच आवारात आहे? हो. रिकामी गाडी कधी तोलता? माल भरायचा असतो तेव्हा. ही गाडी त्या दिवशी तुमच्या काट्यावर आली होती? असेल, बाहेरच्या गाड्याही तोलून जातात. त्यांच्याकडून पैसे घेता? घेतो, पावतीवर लिहितो. या पावतीवर किती लिहिले आहेत?

पावतीवर काट्याच्या पैशांचा रकाना कोरा होता.

पुढचं उत्तर प्रतीत असं टंकलं आहे: 'साक्षीदार गप्प.'

यापुढे फक्त आकडे राहिले. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई म्हणजे ठरलेला भाव आणि करार मोडला त्या दिवशीचा बाजारभाव यांतला फरक. बाजारभावासाठी कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया रोज जाहीर करते ते भाव दाखल केले. २० हजार गुणिले पावणेअठ्ठेचाळीस, ९ लाख ५५ हजार. कोर्टाने तेवढे दिले, वर व्याज.

असा दावा आधी साध्या दिवाणी कोर्टात, तारखांच्या रांगेत गेला असता. कमर्शियल कोर्टाचा कायदा २०१५ चा, पण तेव्हा त्यात यायला दावा निदान एक कोटीचा लागायचा. २०१८ मध्ये ही अट तीन लाखांवर आली, आणि तेव्हा कुठे हा कायदा खानदेशच्या बाजारपेठेत उतरला. यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला प्रतिवादीला फार तर १२० दिवस. एकशेएकविसाव्या दिवशी न्यायाधीशांनाही ती घेता येत नाही. 'एक तारीख घेऊ साहेब' यावर ज्यांची निम्मी वकिली चालायची त्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते, असं वकीलसाहेब सांगतात. हसतात. मग पुस्ती जोडतात, "माझाही."

तातडीचा आदेश नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून नोटीस निघते. कित्येकदा समोरचा येतच नाही, 'नॉन-स्टार्टर' असा शेरा पडतो आणि कागद परत येतो. पण आला तर तिथे मिटतंही. सावद्याच्या केळीवाल्यांचं तसंच मिटलं. गाडी दिल्लीला पोचली तेव्हा माल वाटेतच पिकलेला, घेणाऱ्याने निम्मे पैसे कापले. केळी कोर्टाच्या तारखेला थांबत नाहीत. पंचनाम्याला माणूस जाईपर्यंत पुरावा काळा पडतो. दोघांनी चहा घेतला, तिसरा आकडा काढला, घरी गेले.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते, 'न्यायक्षेत्र जळगाव'. छापखानेवाल्याने कुठून तरी उतरवलेली. त्यावर किती भांडणं झाली याचा हिशेब नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं, जरीच्या धाग्याचं, एक पक्ष गुजरातचा आणि दुसरा सेलमचा. कागदावर कैराचं, म्हणजे गुजरातमधल्या 'खेडा' नावाच्या ठिकाणचं, न्यायक्षेत्र लिहिलेलं. पण 'फक्त' हा शब्द नव्हता. सेलमचं कोर्ट बाद होत नाही, असं ठरलं. पुढे २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की 'फक्त' नसला तरी बिघडत नाही, एका गावाचं नाव घातलं यातच बाकीची वगळल्याचा अर्थ आला. वकीलसाहेब तरी आपल्या पक्षकारांच्या बिलांवर 'फक्त' घालायला लावतात. शिवाय ते बिल समोरच्याने मान्य केलं याची खूणही हवी, एकट्याने छापून भागत नाही.

पाइपवाल्यांचं थोडक्यात. लघुउद्योगाचा माल घेतला तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कायदा २००६ चा. पाइपवाल्यांना तो तोंडपाठ आहे. तीन वर्षांत एकदाही वापरला नाही. व्याज मागितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जातं.

(पडद्यावर: संध्याकाळ. ज्युनिअर मॅडम एक दप्तर सोडत आहेत.)

कापूसवाल्याचे पैसे अजून आलेले नाहीत. अपील झालं आहे. ते संपलं की दरखास्त, म्हणजे निकालाच्या वसुलीचा अर्ज, मग जप्तीचा हुकूम, मग बेलीफ. कापूसवाला दर महिन्याला येतो, बसतो, जातो. मध्यंतरी त्याने त्याच जिनिंगकडून पुन्हा ५० गाठी घेतल्या, हे वकीलसाहेबांना दुसऱ्याच कुणाकडून कळलं. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, त्याचा माल चांगला असतो."

"यावेळी चिठ्ठी घेतली?"

"नाही."

अपिलासाठी मूळ कागद तपासायचे म्हणून मॅडमनी कोर्टाच्या रेकॉर्डला अर्ज केला होता. आम्ही सोबत गेलो. कारकुनाने निशाणी ३४, म्हणजे पुराव्यातला त्या नंबरचा कागद, काढून टेबलावर ठेवली. काट्याची पावती थर्मल कागदाची, उन्हाने आणि हाताळण्याने तिच्यावरचं सगळं उडून गेलं होतं. गाडीचा नंबर नाही, वेळ नाही, वजन नाही. बोटभर पांढरी पट्टी, कोपऱ्यात कोर्टाचा निळा शिक्का. मॅडम घाबरल्या नाहीत. पावती हातात आली त्याच दिवशी वकीलसाहेबांनी तिच्या तीन झेरॉक्स काढून खऱ्या असल्याची सही घेऊन ठेवली होती. एक त्याच दप्तरात मागे टाचलेली होती.

मॅडमनी ती उलटून पाहिली. ९,१४०.