मागचे शॉकअप: साताऱ्यातील एका स्पोर्ट्स कारचे काम

सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जाणारा रस्ता गाडीच्या सस्पेन्शनची पुरेपूर परीक्षा घेतो. वळणे अरुंद आहेत, एका अंगाला दरी आहे, आणि पावसाळा सरता सरता डांबर उखडते ते अनेकदा नेमके वळणातच. पुणे-बंगळूर महामार्गावर जी गाडी ठाकठीक वाटते, तिचे मागचे शॉकअप निकामी झाले असतील तर ते या घाटात लपून राहत नाही.

समोर उभी असलेली गाडी ऑडी टीटी आहे, 2006 साली आलेल्या दुसऱ्या पिढीतली. हंगेरीतील ग्योर येथे ही गाडी तयार होत असे आणि 2023 मध्ये टीटीचे उत्पादन थांबले. रस्त्यावर ती क्वचितच दिसते, तरीही साताऱ्यातल्या मिस्त्रींना तिची मागची रचना परकी वाटत नाही, कारण ती स्कोडा लॉराच्याच घराण्यातली आहे. स्प्रिंग एकीकडे, शॉकअप दुसरीकडे आणि चाकाला दिशा देणारे आर्म वेगळे, अशी ही मांडणी आहे.

वळणात खड्डा आला की गाडीचा मागचा भाग उसळतो आणि बाहेर सरकतो, अशी मालकाची तक्रार आहे. अशा वेळी डिकीवर दोन्ही हातांनी दाब देऊन गाडी किती वेळा हलते, हे पाहण्याची पद्धत आहे. साध्या गाडीवर त्यातून काही कळते. स्पोर्ट्स कारवर फारसे कळत नाही, कारण तिची स्प्रिंग मुळातच कडक असते आणि हाताच्या दाबाने शॉकअपचा दांडा जेमतेम हलतो. म्हणून मिस्त्री आधी टायरला हात लावतात. तळवा टायरच्या परिघावरून हळूहळू फिरवला की थोड्या थोड्या अंतरावर खळगे जाणवतात. चाक रस्त्याला धरून न राहता सतत उसळत राहिले, की रबर असे ठिकठिकाणी झिजते.

मग बॅटरीच्या उजेडात शॉकअप पाहिले जातात. त्यांच्यावर घाटातली तांबडी माती तेलात कालवल्यासारखी बसलेली आहे.

"पुसून बघ रे, नुसता ओलावा आहे का ओघळ."

"ओघळ आहे, दादा. खालच्या बुशपर्यंत आलाय."

बुश म्हणजे शॉकअपच्या खालच्या टोकाचा रबरी जोड. ओलावा आणि ओघळ यांतला फरक महत्त्वाचा आहे. सीलखाली, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवून धरणाऱ्या कड्याखाली, तेलाचा पातळ थर दिसणे हा दोष नव्हे, कारण दांडा वरखाली होताना थोडे तेल बाहेर येतेच. तेलाचा ओघळ खालपर्यंत उतरला असेल तर मात्र शॉकअप बदलावेच लागतात, आणि तेही दोन्ही बाजूंचे एकदम. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप ठेवला, तर डावे वळण आणि उजवे वळण यांत गाडी वेगवेगळी वागते.

शॉकअप गाडीचे वजन पेलतो, असा समज सर्रास आढळतो. वजन पेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग सुटली की ती मूळ जागी थांबत नाही; ती पुढे जाते, परत येते आणि गाडीला झोके देत राहते. हे झोके मोडणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल भरलेले असते आणि दांड्याच्या टोकाला बारीक वाटा असलेला पिस्टन असतो. पिचकारीचा दट्ट्या जोराने दाबला की बारीक तोंडातून पाणी सोडताना जसा हाताला विरोध जाणवतो, तसाच विरोध हे तेल पिस्टनला करते आणि हालचालीतली शक्ती उष्णतेत बदलून बाहेर टाकते. बहुतेक शॉकअप दबताना कमी आणि सुटताना अधिक विरोध करतात, कारण दबलेल्या स्प्रिंगची परतीची उसळी आवरणे हे त्यांचे मुख्य काम असते. तेल कमी झाले की हा विरोधच नाहीसा होतो. अशा गाडीचे चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि ज्या क्षणी टायर रस्त्यावर नसतो त्या क्षणी ब्रेकही काही करू शकत नाही. हा प्रश्न निव्वळ आरामाचा आहे असे मानून तो पुढे ढकलणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सुटे भाग मागवताना एक खातरी करून घ्यावी लागते. काही टीटी गाड्यांना चुंबकीय द्रव भरलेले, विजेवर नियंत्रित होणारे शॉकअप असतात आणि त्यांना वायर जोडलेली असते. त्या जागी साधे शॉकअप बसवले तर यंत्रणा बिघाड दाखवते. या गाडीला साधेच आहेत. लॉराचे शॉकअप बसतील का, हा प्रश्नही गॅरेजमध्ये निघतो. पण बोल्ट जुळले म्हणून आतली झडप जुळत नाही. शॉकअप ज्या स्प्रिंगसाठी आणि ज्या वजनासाठी बनवला, त्याच गाडीला तो शोभतो.

काम सुरू करण्यापूर्वी, गाडी चारही चाकांवर सपाट फरशीवर उभी असतानाच, मिस्त्री चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरतात आणि ते माप खडूने फरशीवर लिहितात. या मापाचा उपयोग शेवटी आहे आणि या कामातली सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट तीच आहे.

पुढच्या चाकांना उटी लावली जाते, चाकाचे पाच बोल्ट जमिनीवरच सैल केले जातात, गाडी उचलून स्टँडवर टेकवली जाते आणि चाके काढली जातात. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही हात घालू नये. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले आहे, कारण घाटमाथ्याचा पाऊस आणि चिखल सोसलेले बोल्ट एका झटक्यात सुटत नाहीत, मोडतात.

आता दुसरा जॅक खालच्या आर्मला आधार म्हणून लावला जातो. चाक लटकत असताना आर्मला आणखी खाली जाण्यापासून शॉकअपच अडवून ठेवतो. आधार न देता त्याचा बोल्ट काढला, तर आर्म खाली आपटतो, ब्रेकच्या पाइपवर ताण येतो आणि स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आधार दिल्यावर मात्र काम सरळ आहे: खालचा एक बोल्ट, वर चाकाच्या कमानीत दोन बोल्ट, आणि शॉकअप हातात येतो. स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. पुढच्या बाजूला शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात आणि तिथे स्प्रिंग दाबून धरण्याचे जोखमीचे काम आधी करावे लागते. इथे ती जोखीम नाही.

बाकावर जुना शॉकअप उघडल्यावर आतला बफर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबताना शेवटचा धक्का झेलणारा तुकडा, दिसतो. मूळचा फोमचा हा बफर बोटांत धरताच चुरा होऊन फरशीवर पडतो. त्यामुळे नव्या शॉकअपबरोबर बफर, धूळ अडवणारे आवरण आणि वरचे माउंटिंग हेही नवेच घातले जातात; हे सगळे पुन्हा उघडण्याची मजुरी या सुट्या भागांपेक्षा महाग पडते.

नवा शॉकअप उभा धरून दोन-चार वेळा पूर्ण दाबून सोडला जातो, म्हणजे आडवा पडून असताना आतल्या तेलात शिरलेली हवा वर निघून जाते. वरचा नट आवळताना दांडा गरगर फिरू नये म्हणून त्याच्या टोकालाच चावी लावून धरतात. चकाकत्या दांड्याला पक्कड लावायची नाही, हे इथे शिकाऊ मुलाला पहिल्यांदा सांगितले जाते. त्या पक्कडीचा एक ओरखडा सील कापत राहतो, आणि नवा शॉकअप काही महिन्यांत जुन्यासारखा गळू लागतो.

वरचे बोल्ट नवे घालून ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या ठरवून दिलेल्या जोराला, आवळले जातात. खालचा बोल्ट मात्र आत्ता फक्त हातानेच लावला जातो, आणि इथे त्या खडूच्या मापाची पाळी येते. शॉकअपच्या खालच्या टोकाला रबराचा बुश असतो. त्यातले रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जखडली जाते आणि पुढे चाक वरखाली होताना होणारी सारी हालचाल रबराला पिळून घ्यावी लागते. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताच रबराला पीळ बसतो आणि गाडी नुसती उभी असली तरी तो सुटत नाही. असा बुश लवकर फाटतो, मागून टकटक आवाज येऊ लागतो आणि दोष विनाकारण नव्या शॉकअपवर येतो. म्हणून जॅकने आर्म सावकाश उचलला जातो, चाकाचा मध्य आणि मडगार्ड यांतले अंतर खडूच्या मापाइतके होईपर्यंत. मगच टॉर्क पाना लागतो. घाईच्या गॅरेजमध्ये ही पाच मिनिटे वाचवली जातात. ज्या मिस्त्रीने ती दिली, त्याच्या हाताखालून गेलेली गाडी लवकर परत येत नाही.

चाके बसवून त्यांचे बोल्ट 120 न्यूटन मीटरला आवळले जातात. या रचनेत चाकाची दिशा शॉकअप ठरवत नाही, त्यामुळे अलाइनमेंट मुद्दाम करावीच लागते असे नाही. पण या गाडीचे टायर खळगे पडून गेले आहेत आणि नवे टायर घालायचे आहेत, तेव्हा ती तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल. त्यानंतर गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली जाते. आधी जिथे ती उसळून सरकत होती, त्याच वळणात आता एक दबका धक्का जाणवतो आणि चाक रस्ता सोडत नाही. सुमारे शंभर किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा एकदा तपासायला गाडी आणावी, असे मालकांना सांगितले जाते.

जुने शॉकअप भंगारात जाण्याआधी एक काम राहते. अनेक शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो, त्यामुळे त्यांना कटर किंवा गॅसची ज्योत लावणे धोक्याचे आहे. डोळ्यांना चश्मा लावून, उत्पादकाने दाखवलेल्या जागी बारीक भोक पाडून आधी वायू जाऊ दिला जातो, तेल वापरलेल्या तेलाच्या पिंपात ओतले जाते, आणि मगच ते लोखंड भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढते.