जरा उलटून बघा

[पडद्यावर : पांढऱ्या कापडावर भरलेलं पिवळं फूल. दोन हात येतात आणि कापड उलटं करतात.]

हे फूल, आणि ही त्याची पाठ.

पुढून पाहिलंत तर पाच पाकळ्या, मधे तपकिरी ठिपके, बाजूला दोन पानं. ठीकच आहे. मागून पाहिलंत तर चिमणीनं घरटं बांधायला घेतलं आणि कंटाळून मधेच सोडून दिलं, असं वाटावं. सात गाठी मोजल्या मी. हिरवा दोरा एका पानावरून दुसऱ्या पानाकडे फुलाच्या पाठीमागून आडवाटेनं गेलाय. आणि इथे, या कोपऱ्यात, दोऱ्याचा एक फास सुटा राहिलाय. करंगळी सहज जाईल त्यात.

हे माझं पहिलं भरतकाम. हे करताना कापडाबरोबर अंगातला कपडाही शिवला गेला होता, आणि ते उठायला गेल्यावर कळलं. मांडीवर कापड घेऊन भरणाऱ्यांचं कधी ना कधी असं होतंच, म्हणून फार मनाला लावून घेतलं नाही.

भरतकामाचे फोटो नेहमी सुलट बाजूचे निघतात. आज कॅमेरा मागे लावू या. दोरा इतक्या लवकर का संपला, कापड का आखडलं, गाठ कुठे गायब झाली, हे सगळं पाठीवर लिहिलेलं असतं. फक्त वाचायची सवय लागते.

[पडद्यावर : दोऱ्याची लडी. चिमटीत धरलेल्या दोऱ्यातून एक पदर वर ओढला जातो. बाकीचे खाली गोळा होतात आणि पुन्हा सरळ होतात.]

आधी दोरा. भरतकामाच्या लडीत साधारण आठ मीटर दोरा असतो आणि तो सहा पदरी असतो. सहाच्या सहा पदर एकदम ओवून बसलात तर नाजूक पाकळीच्या जागी सुतळी दिसते. घरगुती कामाला दोन किंवा तीन पदर पुष्कळ. पण दोन हवेत म्हणून दोन एकदम ओढू नका. पिळामुळे लगेच गुंता होतो. एक पदर काढा, मग दुसरा काढा, आणि मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकत्र ओवा. असे सुटे करून जुळवलेले पदर कापडावर जास्त पसरून बसतात आणि जागा नीट झाकतात.

लांबी किती घ्यायची? बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. सारखं ओवायचा कंटाळा म्हणून वावभर दोरा घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. मग तोच दोरा शंभर वेळा कापडातून घासून जातो, शेवटी त्याला लव सुटते आणि चमक उतरते.

चमकेवरून आठवलं. सुती दोरा रेशमासारखा का चमकतो? इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांनी सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करायची पद्धत काढली आणि १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या प्रक्रियेत कापसाचा चपटा तंतू फुगून गोलसर होतो, सूत मजबूत होतं, रंग चांगला धरतं. झळाळी मात्र पुढे काही दशकांनी आली, तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केल्यावर. अशा सुताला मर्सराइज्ड म्हणतात, तो शब्द त्यांच्या नावावरून आला.

सुईबद्दल थोडक्यात. भरतकामाच्या सुईचं नेढं लांबट असतं, म्हणजे एकाहून जास्त पदर मावतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोन पदरांना सात ते नऊ नंबरची बरी पडते. दोरा नेढ्यात जातच नसेल तर सुई फिरवा आणि दुसऱ्या बाजूनं ओवून बघा. बरेचदा जातो. इथेही उलटी बाजूच कामाला येते, बघा.

[पडद्यावर : रिंगमध्ये ताणलेलं कापड. बोटानं टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज.]

रिंग लावताना कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनंच ओढायचं. ओरेब, म्हणजे तिरकं ओढलं की गोल काढलेलं फूल रिंग काढल्यावर लंबगोल होऊन बसतं. काम थांबवताना रिंग काढून ठेवा. दोन आठवडे तशीच राहिली तर तिचा वळ कापडावरून लवकर जात नाही.

आता मजेचा भाग. एक हातभर सुती कापड घ्या आणि त्यावर पाच प्रकारच्या टाक्यांच्या पाच ओळी घाला. फूल नको, पान नको, नुसत्या ओळी. असं नमुन्याचं कापड ठेवायची रीत जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक या बाईनं भरलेलं असं एक कापड आहे आणि त्यावर तिनं १५९८ हे साल टाक्यांनीच लिहून ठेवलंय. तुमच्या कापडावर तारीख घाला न घाला, ओळी घालून झाल्या की कापड मात्र उलटा.

[पडद्यावर : पाच रंगांच्या पाच ओळी. कापड हळूहळू उलटतं.]

पहिली ओळ, धावदोरा. मागेही धावदोराच दिसतो, फक्त पुढे जिथे टाका तिथे मागे रिकामी जागा. आता याच ओळीवरून परत फिरा आणि रिकाम्या जागा भरत या. पुढची आणि मागची बाजू सारखीच झाली! कर्नाटकातल्या कसुतीमध्ये याला गवंती म्हणतात. तिथे कापडाचे धागे मोजून, एकही गाठ न मारता आख्खी नक्षी अशी जाते-येते. युरोपात याच टाक्याला होल्बाइन टाका हे नाव पडलं. सोळाव्या शतकातल्या हान्स होल्बाइन या चित्रकारानं काढलेल्या व्यक्तिचित्रांत कॉलरवर आणि बाह्यांच्या कडांवर ही काळ्या दोऱ्याची नक्षी इतकी बारकाईनं रंगवलेली आहे, की टाका चित्रकाराच्याच नावावर जमा झाला. भरणारीचं नाव कुणाला ठाऊक नाही. हे मला जरा खटकतं, पण असो.

दुसरी ओळ उलट्या टिपेची, म्हणजे दर टाक्याला मागे येऊन मग पुढे जायचं, तिसरी दांडी टाक्याची, जो आपण फुलाच्या देठाला घालतो. या दोन ओळी उलटून शेजारी शेजारी बघा. दांडी टाक्याच्या पाठीवर उलटी टीप आहे आणि उलट्या टिपेच्या पाठीवर दांडी टाका! पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कापड चार वेळा उलटसुलट केलं होतं. एकाच हालचालीचे हे दोन चेहरे. तुम्हाला दांडी टाका नीट जमत नसेल तर कापडाच्या मागून उलटी टीप घाला, पुढे दांडी तयार.

चौथी साखळी. पुढे कड्यांमागून कड्या, मागे पुन्हा सरळ टीप. एवढा दोरा कुठे गेला, तर सगळा पुढच्या बाजूला. पाठ अगदी काटकसरी.

पाचवी ओळ मात्र वेगळी. भरीव टाका, म्हणजे सॅटिन. पाकळीच्या एका कडेला सुई वर, दुसऱ्या कडेला खाली, मागून परत पहिल्या कडेला. पुढे जितका दोरा, मागेही जवळजवळ तितकाच. हिमाचलमधल्या चंबा रुमालात याच गुणाचा उपयोग केलाय. तिथला रुमाल दोरुखा असतो, दोन्ही बाजूंनी सारखाच भरलेला. चीनमधल्या सुजौच्या भरतकामात तर दोऱ्याची टोकं टाक्यांतच लपवतात, त्यामुळे कापडाला पाठच उरत नाही, दोन दर्शनी बाजू असतात.

पण मोठी जागा भरायची असेल आणि दोरा वाचवायचा असेल तर? याचं उत्तर फ्रान्समधल्या बायो गावच्या, जवळजवळ ७० मीटर लांबीच्या कापडावर आहे. त्याला टॅपेस्ट्री म्हणतात खरं, पण टॅपेस्ट्री विणलेली असते आणि हे लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडावर लोकरीनं केलेलं भरतकाम आहे, अकराव्या शतकातलं. घोडे, जहाजं, चिलखतं. तिथे लोकर पुढच्या बाजूवर नुसती आडवी अंथरलीय, तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं उभे दोरे टाकलेत आणि ते बारीक टाक्यांनी खाली दाबून बसवलेत. मागे लोकर अगदी जेमतेम जाते. १९८० च्या दशकात अस्तर काढून त्याची उलटी बाजू तपासली, तेव्हा तिथले रंग पुढच्या बाजूपेक्षा ताजे दिसले. तिथवर उजेड पोचलाच नव्हता.

[पडद्यावर : सुईभोवती दोऱ्याचा एक वेढा. सुई कापडात शिरते. गाठ दिसते आणि नाहीशी होते.]

हे बघितलंत? गाठ गेली. फुलाच्या मधे जे दाणे भरतात, ज्यांना फ्रेंच नॉट म्हणतात, ते माझ्याइतके कुणी गमावले नसतील.

पुन्हा एकदा, सावकाश. सुई कापडातून वर आली. दोरा डाव्या हाताच्या चिमटीत ताणून धरलाय. सुईला त्याचा एक वेढा दिला. आता सुई खाली न्यायची, पण ज्या भोकातून वर आली त्याच भोकात नाही. त्याच भोकात घातली की गाठीला टेकायला काहीच उरत नाही आणि ती सरळ मागे निघून जाते. कापडाचे एक-दोन धागे सोडून शेजारी टोचा. तेवढ्या दोन धाग्यांवर दाणा बसतो. आणि सुई पूर्ण खाली जाईपर्यंत डाव्या हातातला दोरा सैल सोडू नका. दाणा मोठा हवा असेल तर वेढे वाढवण्यापेक्षा पदर वाढवा. तीन-चार वेढ्यांचा दाणा एका अंगावर लवंडतो.

माझ्या त्या पहिल्या फुलाच्या पाठीवरच्या सात गाठींपैकी तीन अशा पळालेल्या दाण्यांच्या आहेत. मला तेव्हा वाटलं होतं, दोराच निसरडा आहे.

आता प्रश्न येतो, पाठ स्वच्छ हवीच का? हवीच, असा दंडक घालणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. चौकटीत बसवायच्या चित्राची पाठ भिंतीलाच दिसणार. रुमाल, ओढणी, लहान मुलाचं झबलं यांची गोष्ट वेगळी. तिथे मागची बाजू दिसते किंवा अंगाला लागते, गाठ टोचते. तेव्हा टोक गाठ न मारता मागच्या तीन-चार टाक्यांखालून ओवून कापायचं. आणि एक गोष्ट सगळीकडेच पाळावी. पांढऱ्या किंवा विरळ कापडावर गडद दोरा मागून लांब उडी मारून नेऊ नये. पुढून त्याची सावली दिसते. माझा हिरवा दोरा बघा, पाकळीखालून कसा जातोय.

अर्थात ही सावली कुणाला चूक वाटली, तर लखनौच्या चिकनकारीत तिचीच नक्षी झाली. झिरझिरीत मलमलीवर मागून दोऱ्याची तिरकी जाळी भरतात, पुढे नुसती कडेची टीप आणि आत धूसर रंग दिसतो. त्याला बखिया म्हणतात.

[पडद्यावर : फेल्टचे रंगीत तुकडे, कात्री, पातळ कागदावर पेन्सिलनं काढलेलं फूल.]

एवढं बोलून झाल्यावर काहीतरी बनवायला हवं. आपण सुया टोचून ठेवायला सुयांची वही करू. १६ सेंटिमीटर रुंद आणि १० उंच असे फेल्टचे दोन तुकडे, एक बाहेरचा, एक अस्तराचा. आतल्या पानासाठी १४ बाय ८ चा आणखी एक. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू दाबून केलेलं असतं, म्हणून कडेचे धागे निघत नाहीत आणि दुमडून शिवायची गरज पडत नाही. नवशिक्याला याहून समजूतदार कापड नाही.

अडचण एकच, त्यावर पेन्सिल उमटत नाही. मग पातळ कागदावर चित्र काढा, कागद फेल्टवर टाचा, कागदासकट भरा आणि शेवटी कागद हळूच फाडून काढा. सुती कापड असेल तर खिडकीच्या काचेवर धरून गिरवता येतं. इस्त्रीच्या उष्णतेनं नाहीशी होणारी पेनं मिळतात, तीही चालतात. फक्त फार थंडीत ती रेघ परत उमटू शकते, एवढं लक्षात असू द्या.

फूल सोपं. पाकळी म्हणजे एकच सुटी साखळी, जिला लेझी डेझी म्हणतात. सुई वर, त्याच जागी खाली, फास मोकळा सोडायचा, टोकाला एक बारीक टाका घालून तो अडकवायचा. दोरा ओढू नका, पाकळी चिमटते. अशा आठ पाकळ्या, केशरी, गुलाबी, जो रंग हाताला लागेल तो. मधे दाणे. देठाला मागून उलटी टीप, वर सांगितली तशी. एका फुलावर भागलं नाही तर तीन घाला. मी तर एक बटण शिवून त्याच्याभोवतीच पाकळ्या लावल्या.

[पडद्यावर : भरलेलं फेल्ट उलटं करून कॅमेऱ्यासमोर. मग त्यावर अस्तर येतं.]

अस्तर लावायच्या आधी शेवटचं एकदा. दाणे पाच, पळालेला एक. गाठी दोन. देठाच्या मागे दांडी टाका, सुबक. केशरी दोरा एका पाकळीवरून दुसरीकडे गेलाय, पण अर्ध्या सेंटिमीटरची उडी, चालतंय.

आता कडेनं काजटाका. सुई मागून पुढे, दोरा सुईखाली, ओढा. पुन्हा. टाक्यांची उंची सारखी यावी म्हणून मी अंगठ्याच्या नखाच्या अर्ध्यावर पेनानं खूण केलीय. भरतकामाच्या पुस्तकात ही युक्ती कुणी देत नाही, पण हात धुतला की खूण जाते. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला दोरा बोटभर उरलाय, म्हणजे पुरणार नाही. नवीन ओवायला लागेल.

[पडद्यावर : वही मिटते. आतल्या पानाला टोचलेली एकच सुई, नेढ्यात बोटभर पिवळा दोरा.]