ओट्यावरून पार्किंगमध्ये

(दृश्य : वाड्याचा दिंडी दरवाजा)
पुण्याच्या सदाशिव पेठेतला हा वाडा. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना दगडी ओटे, आत फरसबंदी चौक. ओट्याची कड बघा, बसून बसून गुळगुळीत झालीय. पेपर वाचायला, भाजी निवडायला, नाहीतर नुसतंच येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायला लोक इथे बसायचे.

(दृश्य : शेजारची इमारत, खांब)
ही इमारतही एका वाड्याच्याच जागेवर उभी आहे. वर घरं, खाली पार्किंग. खांबाखांबावर फ्लॅटचे नंबर रंगवलेत. लिफ्टमधून उतरायचं, गाडीत बसायचं, काचा वर करायच्या. बसायला मात्र इथे साधं बाकडंही नाही.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)
एकेकाळी पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. घरं गेलेल्यांसाठी पेठांबाहेर वसाहती उभ्या राहिल्या. शहर पसरत गेलं तशी अंतरं वाढली. सत्तरच्या दशकात चेतक आली, स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबले. पिंपरी-चिंचवडचे कारखाने होतेच, पुढे हिंजवडीचं आयटी पार्क आलं. घर एकीकडे, नोकरी दुसरीकडे आणि बसचा भरवसा नाही. मग घरात एक दुचाकी आली, मग दुसरी, मग चारचाकी. बांधकामाच्या नियमांनी पार्किंग सक्तीचं केलं. ओट्याची सक्ती कुणी केली नाही.

(दृश्य : ॲनिमेशन, तीन रस्ते)
१९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी तीन रस्ते निवडले. घरं साधारण सारखीच, रहदारी वेगवेगळी : एकावर दिवसाला दोन हजार गाड्या, दुसऱ्यावर आठ हजार, तिसऱ्यावर सुमारे सोळा हजार. रहिवाशांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र कोण? उत्तरं नकाशावर रेघांनी जोडली. शांत रस्ता रेघांनी भरून गेला. तिथे माणशी सरासरी तीन मित्र निघाले. सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरता भरला नाही.

आपल्याकडेही म्हातारी माणसं गॅलरीत अडकलीत, पोरांना खेळायला रस्ता उरलेला नाही.

(दृश्य : सोसायटीचा गणपती, आरती)
गणपतीत मात्र हेच पार्किंग मोकळं होतं. गाड्या बाहेर, सतरंज्या आत. शेजारचं आडनाव काहींना आरतीला उभं राहिल्यावरच कळतं. जागा मिळाली की माणसं खाली उतरतात, हे चित्र तेच सांगतं.

(दृश्य : लक्ष्मी रस्ता, पादचारी दिन)
११ डिसेंबर, लक्ष्मी रस्ता. २०२१ पासून महापालिका इथे पादचारी दिन साजरा करते. एरवी पी-१, पी-२ च्या, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या वाचत गाडी कुठे लावायची ते शोधावं लागतं, त्याच डांबरावर आज मुलं खडूनं चित्रं काढताहेत. आमची मागणी साधी आहे : वर्षातून एकदा होणारं हे दर रविवारी व्हावं, आणि पेठांतल्या गल्ल्यांपासून सुरुवात व्हावी.