पांढरं रान

(पहाट. शिरोळ तालुक्यातलं शिवार.)

लांबून दव पडल्यासारखं दिसतं. पण दव उन्हाबरोबर विरतं. हे मात्र ऊन चढेल तसं जास्तच उजळतं. ढेकळावरून बोट फिरवा, पीठ लागल्यासारखं होतं. जिभेला लावा, खारट. कृष्णा-पंचगंगेच्या काठची ही काळी कसदार जमीन. शेजारच्या फडात ऊस डोक्याच्या वर गेलाय आणि इथे वेडी बाभळ. क्षारपड म्हणतात याला.

(उरचा झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचा देवळाचा मनोरा.)

हे दक्षिण इराकमधलं प्राचीन शहर, उर. राजा उर-नम्मूने हा झिगुरात इ.स.पू. २१०० च्या सुमारास बांधायला घेतला. चकचकीत दिसणाऱ्या विटा अलीकडच्या डागडुजीतल्या, त्यांना फसू नका. आज चौफेर वाळवंट आहे, तेव्हा कालवे होते, पिकं होती. पुढे शंभरएक वर्षांत शेजारच्या एलाम राज्याच्या फौजा आल्या, राजा इब्बी-सिनला धरून घेऊन गेल्या, साम्राज्य संपलं.

पण फौजा येण्याआधी शेतात काय चाललं होतं?

(मातीची पाटी, जवळून.)

तळहातात मावेल एवढी पाटी, वर खिळ्यांसारखी अक्षरं. धान्याचा हिशेब आहे. अशाच पाट्या आणि जुन्या मडक्यांवर उमटलेले दाण्यांचे ठसे यांच्या आधारे थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली मांडणी केली. इ.स.पू. ३५०० च्या सुमारास तिथे गहू आणि जव साधारण निम्मे-निम्मे पिकत. इ.स.पू. २१०० पर्यंत गहू शंभरात दोनवर आला. जव खारं रान सोसतो, गहू नाही सोसत. पुढे जवाचाही उतारा घटत गेला. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. या बांधावर उभं राहिलं की आम्हाला मात्र पटतं.

(पाट भरून वाहतोय. रात्रीची मोटार.)

हे होतं कसं? नदीचं पाणी गोडं असलं तरी त्यात क्षार असतातच, थोडे. पीक पाणी पितं, क्षार मागे ठेवतं. उसाला पाटाने पाणी पाजायचं, लाईट रात्रीची, मोटार चालू करून माणूस झोपतो. जास्तीचं पाणी खाली मुरतं. खाली काळी चिकण माती, वाट मिळत नाही. मग जमिनीखालचं पाणी वर चढू लागतं, दर साल थोडं थोडं. चार-पाच फुटांवर आलं की पुढचं काम माती करते: दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी वर ओढते. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ तिथेच राहतं. आधी उगवण विरळ होते, मग खोडवा धरत नाही, मग लव्हाळा येतो. शेवटी हे, पांढरं.

तिकडे उरच्याच मुलखात, लगाश शहराचा राजा एन्तेमेना याने शेजारच्या उम्मा शहराशी पाण्यावरून भांडण झालं म्हणून टायग्रिसवरून कालवा आणला. पाणी मुबलक झालं. ते काढून कुठे द्यायचं, हा प्रश्न राहूनच गेला. कालव्याचं उद्घाटन होतं. पाणी काढून देणाऱ्या चराचं झालेलं आम्ही तरी पाहिलं नाही.

(मोयनाक. वाळूत रुतलेली जहाजं.)

हे उझबेकिस्तानमधलं मोयनाक. ही मासेमारीची जहाजं, आणि ही वाळू म्हणजे अरल समुद्राचा तळ. १९६० साली हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. कापसासाठी सोव्हिएत संघाने या सरोवराला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या शेतांकडे वळवल्या. काराकुम कालवा तर बराचसा वाळूतून खणलेला, अस्तराशिवाय. कालव्यांखालची शेतं खारावली, आणि उघड्या पडलेल्या तळावरचं मीठ वाऱ्याने गावागावांत गेलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. कापसाने बुडवला असं आम्ही म्हणत नाही. पण जहाजं अजून तिथेच आहेत.

(जेसीबी. चर. काळा पाईप.)

परत शिरोळ. जेसीबी चर काढतोय. भोकांचा पाईप आहे, वर जाळी गुंडाळलेली, म्हणजे पाणी आत येतं, माती येत नाही. उतार बरोबर हवा, नाहीतर पाईप तुंबतो, म्हणून तो माणूस दर काही फुटांवर थांबून लेव्हल बघतोय. उपपाईप मुख्य पाईपला, मुख्य पाईप ओढ्याला. खर्च एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही, आणि एकट्याने भागतही नाही: पाईप दुसऱ्याच्या रानातून गेल्याशिवाय ओढा गाठत नाही. चार भाऊबंद एका पाईपवर राजी करणं, हे खरं काम. पाऊस क्षार धुऊन खाली नेतो, पाईप ते बाहेर काढतो. मग धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, आणि जमलं तर पुन्हा ऊस. यावेळी ठिबकवर, अशी अट घातली पाहिजे असं आमचं मत आहे.

ज्यांचं रान परत आलं नाही, ते इचलकरंजीत यंत्रमागावर जातात.

(पाईपचं तोंड. पाणी ठिबकतंय.)

चेंबरच्या कडेला सुकलेल्या थेंबांची पांढरी वलयं आहेत. हे पाणी ओढ्यात जातं, ओढा कृष्णेत. आणि कृष्णा इथून पुढे कर्नाटकात.