‘बोर्ड गेला’ म्हणजे किती गेला?

अध्यक्षमहोदय, आणि रविवारची मिसळ सोडून आलेल्या मंडळींनो! खाऊन आला असाल तर उत्तमच, मग झोप लागली तरी मी वाईट वाटून घेणार नाही. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड चालू आहे का, हे घरी कसं तपासाल?’ मदरबोर्ड म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, दुकानातला ‘बोर्ड’. चिटणीसांनी मला 30 मिनिटं दिली आहेत. मागच्या महिन्यात मधुमेहावर बोलणाऱ्या डॉक्टरांना एक तास होता. असो.

कितीजणांच्या घरी माळ्यावर बंद लॅपटॉप पडलाय? हात वर करा. बघा, निम्मी सभा! आणि त्यातल्या कितीजणांना दुकानात सांगितलं, ‘काका, बोर्ड गेलाय’? एकही हात खाली आला नाही.

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. गेला म्हणजे किती गेला? आपण नाशिकची माणसं. गोदावरीला पूर आला की आपण नुसतं ‘खूप पाणी आलं’ म्हणत नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, असं सांगतो. परगावी गेलेला मुलगासुद्धा फोनवर विचारतो, ‘बाबा, मारुती कुठपर्यंत बुडाला?’ गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडलं ते त्याला कळो न कळो, मारुती कळतो. लॅपटॉपच्या बोर्डालाही असा एक मारुती आहे, तो म्हणजे करंट. बोर्ड किती अँपिअर ओढतोय एवढं कळलं की अर्धं निदान झालं. आणि दुकानात नेमकं तेच कुणी सांगत नाही.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांवर होतो, त्यामुळे ही खोड लागली आहे. तिथे रात्री साहेबांना ‘सर, काहीतरी बिघडलंय’ असा फोन केला की पलीकडून एकच प्रश्न यायचा, ‘आकडा सांग.’ आकडा नसेल तर फोन ठेवायचे. घरी मीही तसंच करायला लागलो. ‘भाजी खारट झालीय का?’ ‘किती?’ हे फार दिवस चालू दिलं नाही, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तर गोष्ट सांगतो. मंडळाने तीनदा ऐकलीय, चौथ्यांदा ऐका. आमच्या सौभाग्यवतींचा लॅपटॉप 2014चा. त्यात नातीचे सगळे फोटो. दोन वर्षांपूर्वी त्याचा पंखा घरघर करायला लागला म्हणून दुकानात साफ करायला दिला. दुकानाचं नाव विचारू नका, आपल्याच स्मरणिकेत त्यांची जाहिरात निघाली तर पंचाईत. 600 रुपये घेतले, पंखा साफ केला, समोर चालू करून दाखवला. मी तो स्कूटरच्या पायदानावर ठेवून घरी आणला. आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही.

परत नेला. दोन दिवसांनी फोन, ‘काका, बोर्ड गेलाय. साडेनऊ हजार लागतील. त्यापेक्षा नवीनच घ्या ना.’ मी विचारलं, ‘करंट किती घेतो?’ त्या पोराने असं पाहिलं की जणू मी लॅपटॉपची जन्मपत्रिका मागितली. ‘काका, डेड आहे.’ म्हटलं, ‘डेड म्हणजे शून्य घेतो, की शॉर्ट आहे?’ म्हणाला, ‘काका, डेड म्हणजे डेड.’

घरी आणला. माझ्याकडे 30 व्होल्ट, 5 अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय आहे, म्हणजे हवं तेवढं व्होल्टेज देणारा आणि करंट आकड्यात दाखवणारा डबा, निवृत्तीनंतर घेतलेलं एकमेव दागिन्याच्या किमतीचं… नाही, किंमत नको, सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत आहेत. एका मेलेल्या अडॅप्टरची पिन वायरसकट कापून त्याला जोडली. बॅटरी काढून ठेवली. व्होल्टेज 19, आणि करंटची मर्यादा आधी फक्त 1 अँपिअर, म्हणजे आत शॉर्ट असला तर सप्लाय तिथेच थांबतो, धूर निघत नाही. पिन लावली. आकडा आला 0.02.

मंडळी, मला काय आनंद झाला! 0.02 म्हणजे मेलेला बोर्ड नाही. शॉर्ट असता तर आकडा थेट 1वर जाऊन चिकटला असता आणि व्होल्टेज कोसळलं असतं. आत येणारी वाट तुटलेली असती तर 0.00 राहिला असता. 0.02 म्हणजे आतला वॉचमन जागा आहे, खुर्चीवर बसून कुणीतरी बटण दाबायची वाट बघतोय. मी बटण दाबलं. 0.02. जोरात दाबलं. 0.02. म्हणजे वॉचमनला बेलच ऐकू जात नव्हती.

मागचं झाकण उघडलं. या मॉडेलमध्ये बटण बोर्डावर नसतं, वेगळ्या छोट्या पट्टीवर असतं आणि तिथून कागदासारखी चपटी केबल बोर्डावर येते. त्या केबलच्या सॉकेटची खिट्टी उघडीच होती, केबल अर्धी बाहेर. पंखा साफ करताना काढली, बसवली, खिट्टी लावायची राहिली, बाकीचं काम स्कूटरने केलं. केबल सरळ बसवली, खिट्टी लावली, मर्यादा 3 अँपिअरवर नेली आणि बटण दाबलं. 0.02, 0.35, 0.6, 1.1, परत 0.8, आकडा उड्या मारायला लागला. पंखा फिरतोय का ते कळेना, कान लावून ऐकावं लागलं. म्हणजे साफ मात्र उत्तम केला होता, हे मान्य करायला हवं! नंतर दुकानात जाऊन सांगितलं तर म्हणाला, ‘काका, नशीब तुमचं.’ घरी विचारणा झाली, ‘ते 600 परत मागितले का?’ मागितले नाहीत. तो विषय आमच्याकडे अजून निघतो.

चिटणीस चिठ्ठी पाठवताहेत. पाच मिनिटं? पण मी अजून विषय सुरूच केला नाही! बरं, पळतो.

तुमच्याकडे डीसी सप्लाय नसणार. आधी बॅटरी बघा. फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्ज तर नकोच. चांगली असली तरी तपासताना काढून ठेवा, नाहीतर चार्जिंगचा करंट मोजून फसाल. अडॅप्टरही काढा, बटण 30 सेकंद दाबून धरा, मग फक्त अडॅप्टरवर चालू करा. पुष्कळ लॅपटॉप एवढ्यानेच उठतात. नाही उठला तर मल्टिमीटर डीसीवर ठेवून अडॅप्टरची पिन मोजा. लेबलावर 19 किंवा 19.5 लिहिलं असेल तर तेवढं यायला हवं.

अडॅप्टरला दिवा असेल तर फुकटची परीक्षा आहे. पिन लॅपटॉपमध्ये घातली की दिवा विझतो आणि काढली की परत लागतो का? म्हणजे अडॅप्टर स्वतःला वाचवतोय. शॉर्ट आहे, जॅकमध्ये किंवा बोर्डावर. बोर्डावर असेल तर बरेचदा एखादा तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. तो बदलणं हे चिपलेव्हलवाल्याचं, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे, आपलं नाही, पण अख्खा बोर्ड बदलायचंही ते काम नाही. दिवा विझत नाही तरी सगळं शांत, तर आमच्यासारखी बटणाची केबल बघा.

पंखा फिरतो पण पडदा काळा? कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो, तर बोर्ड बराच जिवंत आहे. पडद्यावर तिरका टॉर्च मारा, अंधुक चित्र दिसलं तर गेलाय तो मागचा उजेड. बाहेरचा मॉनिटर लावून पाहा, टीव्हीसुद्धा चालेल. दोन सेकंद चालू होऊन बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद असं होत असेल तर रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर संशय घ्या. काढा, पिवळे दात खोडरबरने पुसा, एकेक लावून बघा. रॅम पूर्ण काढल्यावर बीप आला किंवा दिवा लुकलुकला तर पेढे वाटा, प्रोसेसर बोलतोय. बीप नाही आला म्हणून रडू नका, सगळी मॉडेलं बोलत नाहीत. हार्ड डिस्क, वायफाय कार्ड काढूनही एकदा चालू करून बघा. आणि चालू झालाच तर डेलमध्ये एफ12, एचपीमध्ये एफ2 दाबलं की त्यांची स्वतःची तपासणी मिळते.

हीटगन कुणी मारू नका. चिप गरम केली की लॅपटॉप दोन आठवडे चालतो, त्या दोन आठवड्यांत दुकानदार पैसे घेऊन मोकळा. शिसं नसलेलं सोल्डर साधारण 217 अंशांना वितळतं, जुनं 183ला, आणि आपल्या बोर्डावर कुठलं आहे ते हीटगन विचारत नाही… हो, हो, उठतो.

एवढंच. दुकानात गेलात तर विचारा, ‘बटण दाबण्याआधी किती अँपिअर, दाबल्यावर किती?’ पुढच्या रविवारी मी सप्लाय इथेच घेऊन येतो, माळ्यावरचे लॅपटॉप काढून आणा. पण अडॅप्टरसकट आणा. अडॅप्टर विसरलात तर मी फक्त पंखा साफ करून देईन, 600 रुपयांत.