चौदा हजारांची गोधडी? रंगीत ब्रँडचे पैसे नक्की कशाचे?

(जॅकेट घालूनच कॅमेऱ्यासमोर)

नमस्कार मंडळी. हे जॅकेट घालून मी पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा आजी दारातूनच म्हणाली, "अगं, गोधडी पांघरून कुठे निघालीस?"

आणि गंमत म्हणजे आजीचं फारसं चुकलं नव्हतं.

हा ब्रँड आहे देसिग्वाल. स्पॅनिश. नावाचा अर्थच 'सारखा नसलेला'. थॉमस मेयर नावाच्या स्विस माणसाने 1984 मध्ये इबिझा बेटावर सुरू केला, आता कारभार बार्सिलोनातून चालतो. त्याचं गाजलेलं पहिलं जॅकेट कशाचं होतं माहितीये? जुन्या जीन्सच्या तुकड्यांचं. म्हणजे आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचं जे करत आल्या, तेच याने जीन्सचं केलं आणि त्यावर कंपनी उभी केली! या लोकांना लक्ष वेधून घ्यायची हौसच आहे. मध्यंतरी दुकानांत टूम काढली होती: अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे राहा, पहिल्या शंभरांत नंबर लागला तर कपडे फुकट. लक्ष्मी रोडवर हे कल्पून बघा. नको, राहू दे. 2019 मध्ये त्यांनी लोगोच उलटा केला, आरशात दिसतो तसा. मला आधी छपाईची चूक वाटली होती.

तर टॅगवर किंमत 139 युरो. आपले चौदा हजारांच्या आसपास. माझ्या मावसबहिणीने तिकडून आणलं, जानेवारीच्या सेलमध्ये, निम्म्या किमतीत. हे निम्म्याचं लक्षात ठेवा, त्यावर मी परत येणारे.

चौदा हजार कशाचे? आपण पटकन म्हणतो, "रंग बघ ना किती आहेत!" इथेच आपण फसतो. जुन्या पद्धतीच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. आठ रंग, आठ स्क्रीन. त्यातली एक सूतभर सरकली की फुलाचा लाल रंग पानावर. तेव्हा जास्त रंग म्हणजे खरंच जास्त खर्च होता. आता डिजिटल प्रिंटिंगमध्ये शाई थेट कापडावर फवारतात, घरच्या प्रिंटरसारखी. दोन रंग काय आणि वीस काय, फारसा फरक पडत नाही. त्यामुळे नुसत्या छापील रंगीबेरंगीपणाचे कुणी जास्त पैसे मागत असेल, तर मी देणार नाही.

मग द्यायचे कशाचे? हे मला आमच्या शिंपीकाकांनी दाखवलं. कुमठेकर रोडच्या आतल्या बोळात बसतात. बाह्या जरा आखूड करायच्या होत्या म्हणून जॅकेट त्यांच्याकडे नेलं. काकांनी पुढची बाजू बघितलीच नाही. हातात घेतलं आणि पहिल्यांदा उलटं केलं.

(जॅकेट काढून उलटं करते, शिवण कॅमेऱ्याजवळ धरते)

हे बघा. पूर्ण अस्तर, कुठे धागा लोंबत नाहीये. आता सुलटं. खिशाजवळ या. हे अर्धं फूल खिशावर, अर्धं अंगावर, आणि रेष कुठेही तुटत नाही. चौकडीचा शर्ट शिवायला टाकला की शिंपी कापड जास्त मागतो ना? तेच कारण. डिझाइन जुळवायचं तर कापड वाया जातं आणि कापणाऱ्याचा वेळ जातो. हा भरतकामाचा तुकडा बघा, मागून हात लावला तर टाके लागतात. हे छापलेलं नाही. काका म्हणाले, "ताई, हे काम आहे. पैसे कामाचे द्यायचे."

आता त्याच ब्रँडचा एखादा साधा छापील टॉप घ्या. आतली पट्टी वाचली तर बऱ्याचदा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस. व्हिस्कोस अंगावर छान पडतं, पण नीट धुतलं नाही तर आटतं. आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये पॉलिस्टर म्हणजे शिक्षा. तिकडच्या थंडीत जे चालतं ते इथे दुपारी दोन वाजता स्कूटरवर चालत नाही. भरतकाम नाही, अस्तर नाही, जुळवाजुळव नाही. मग त्याला पूर्ण किंमत कशाला?

रंग टिकतो का, हा वेगळा मुद्दा. मागच्या वर्षी एका प्रदर्शनातून मी एक भडक कुर्ता घेतला होता, बत्तीसशेला. कुणाचा ते सांगत नाही. पहिल्या धुण्यात आईचा पांढरा पंचा गुलाबी. आई अजून सुनावते. सुती किंवा व्हिस्कोस कापडावर रिॲक्टिव्ह रंग असेल तर तो धाग्याशी रासायनिक बंध धरतो. पण उरलेला रंग नीट धुऊन काढला नाही, तर तोही जातो. पिगमेंट प्रिंट नुसता वर चिकटवलेला असतो, घासला की जायला लागतो. दुकानात साधा उपाय: पांढरा रुमाल ओला करा, आतल्या बाजूला दहा वेळा घासा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

इथल्या मॉलमध्ये घेत असाल तर एक हिशेब. 22 सप्टेंबर 2025 पासून करापूर्वीची किंमत 2500 पर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्याच्या वर 18. म्हणजे 2500 चा कपडा 2625 ला पडतो आणि 2600 चा थेट 3068 ला. शंभराच्या फरकाला चारशे त्रेचाळीस!

आणि अजून एक खर्च टॅगवर नसतो. काळी पँट महिन्यात दहादा घाला, कुणाला पत्ता लागत नाही. हे जॅकेट दोनदा घातलं आणि सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, "मुंजीत हेच घातलं होतंस ना?" पुण्यात विसरणारं कुणी भेटत नाही हो. त्यामुळे "इतक्यांदा घालीन, पैसे वसूल" हे गणित भडक कपड्याला लावताना स्वतःशी खरं बोला. तुम्ही काकूंना "हो, तेच!" म्हणून पुढे जाणाऱ्यांपैकी असाल, तरच.

माझं मत? भरतकाम आणि अस्तर असलेलं जॅकेट, सेलमध्ये, सात हजारांपर्यंत: हो, घ्या. स्पेनमध्ये मोठे सेल जानेवारीत आणि जुलैत लागतात, तिकडे कुणी असेल तर आत्ताच सांगून ठेवा. पूर्ण चौदा हजार मी दिले नसते. छापील टॉपला तर निम्मेही नाही.

(ओला रुमाल जॅकेटवर घासते, कॅमेऱ्याला दाखवते)

पांढराच आहे. आजीलाही दाखवला. तिने जॅकेट हातात घेतलं, टाके चाचपले, म्हणाली, "थंडी संपली की माझ्याकडे दे. डांबरगोळ्या घालून ठेवते." कुठे ठेवणार, विचारलं.

"गोधड्यांच्या ट्रंकेत, अजून कुठे?"