चित्रांसाठी थांबलेलं पुस्तक

नमस्कार, श्रोतेहो. विहिरीवरचा रहाट आठवा. तो एकाच अंगानं फिरतो. आता जमिनीखाली बसवलेलं एक भलंमोठं लाकडी चाक डोळ्यांपुढं आणा. त्याला पाणी झेलणाऱ्या खणांच्या दोन रांगा आहेत, एकीची तोंडं इकडं, दुसरीची तिकडं. पहिल्या रांगेवर पाणी सोडलं की चाक उजवीकडं फिरतं, दुसऱ्या रांगेवर सोडलं की डावीकडं. दोर गुंडाळतो, उलगडतो, आणि बैलाच्या कातड्याची भरलेली मोट खाणीतून वर येते. वर टांगलेल्या पेटीत एक माणूस बसलाय. पाण्याची दारं उघडायची-मिटायची, एवढंच त्याच्या हातात. सगळं चाक त्याचं ऐकतं.

हे चित्र 1556 सालचं आहे. लाकडी ठशावरून छापलेलं. पुस्तकाचं नाव ‘दे रे मेतालिका’, म्हणजे धातूंविषयी, आणि लेखक गेऑर्गियुस आग्रिकोला. मूळ आडनाव बाउअर, म्हणजे शेतकरी. त्याचंच लॅटिन आग्रिकोला.

या पुस्तकाची गोष्ट मला फार आवडते, ती सांगतो.

आग्रिकोला होता वैद्य. आजच्या चेक देशात योआखिमस्थाल नावाचं गाव आहे. तिथं 1516 च्या सुमारास चांदी सापडली आणि डोंगराच्या कुशीत खाणकामगारांचं शहर उभं राहिलं. (तिथल्या चांदीच्या नाण्याला ‘थालर’ म्हणत, आपण ज्याला डॉलर म्हणतो तो शब्द तिथलाच.) 1527 मध्ये आग्रिकोला तिथं वैद्य म्हणून आला. रोगी तपासून झाले की हा माणूस खाणीत, भट्टीपाशी. कामगारांना विचारायचा, बघायचा, लिहायचा. अशी वीसेक वर्षं गेली. 1550 च्या डिसेंबरात त्यानं अर्पणपत्रिकाही लिहिली. पुस्तक तयार, पण चित्रं तयार नाहीत.

नुसते शब्द त्याला पुरेसे वाटत नव्हते. आजच्या माणसाला कळले नाहीत तर? पुढच्या पिढ्या अडखळल्या तर? म्हणून त्यानं पदरचे पैसे घालून चित्रकार लावले. आणि ठसा कोरणं म्हणजे काय, हे साडीवरचे ठसे पाहिलेल्यांना सांगायला नको. जी रेघ छापायची ती ठेवायची, बाकीचं सगळं लाकूड खोदून काढायचं, तेही उलटं. अशी पावणेतीनशेच्या वर चित्रं! स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातल्या फ्रोबेन छापखान्यात काम चालू राहिलं. पुस्तक तयार, चित्रं नाहीत. वर्षं जात राहिली.

21 नोव्हेंबर 1555 ला आग्रिकोला जर्मनीतल्या केमनित्स गावी वारला. तो कॅथलिक, गाव प्रोटेस्टंट झालेलं. गावानं दफनाला जागा दिली नाही. देह त्साइत्सला न्यावा लागला. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, 1556 मध्ये, पुस्तक छापून आलं. चित्रांसह. ज्यानं चित्रांसाठी वाट पाहिली, त्याला ते हातात धरता आलं नाही.

इथं एक मनातलं बोलतो. खाणकामगारांच्या जर्मन शब्दांना लॅटिनमध्ये प्रतिशब्द नव्हते, ते आग्रिकोलानं घडवले आणि वाचणारे गोंधळले. आपले परिभाषाकोश पाहताना मला हेच आठवतं. कानस, छिन्नी, पाना, रंधा हे शब्द कारखान्यातल्या माणसांनी तोंडात घोळवलेले. शब्द तिथून उचलावेत, असं माझं ठाम मत आहे. आग्रिकोलाच्या लॅटिनचा गुंता सोडवायला हर्बर्ट आणि लू हेन्री हूव्हर या जोडप्याला कित्येक वर्षं लागली. त्यांचं इंग्रजी भाषांतर आलं 1912 मध्ये, आणि हर्बर्ट पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झाले. चित्रांना मात्र भाषांतर लागलं नाही. प्रत्येक भागापाशी एक अक्षर, बाजूला त्याचा अर्थ; चाक कसं फिरतं ते आजही बोट ठेवून सांगता येतं.

आणि त्या चित्रांत माणसं आहेत, श्रोतेहो. यंत्राशेजारी माणसं आहेत. एका चित्रात लांब बाकापाशी बायका आहेत. आपण तांदूळ निवडतो, तशा त्या खनिज निवडताहेत, दगड एकीकडं, धातू एकीकडं. वैद्य असलेल्या लेखकानं खाणीतली धूळ फुप्फुसं कशी खाते, हेही याच पुस्तकात लिहून ठेवलंय. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींपाशी अशा बायका आहेत, तो सांगतो, की ज्यांची सात लग्नं झाली, आणि सातही नवरे त्या क्षयानं गेले.